काकूंच्या देव्हाऱ्यातला पासपोर्ट

मी माझा पासपोर्ट शेजाऱ्यांच्या देव्हाऱ्यात ठेवला, आणि ते शेजारी घराला कुलूप लावून पुण्याला निघाले तेव्हा त्यांची बॅग खाली नेऊन गाडीत मीच ठेवली, वर हात हलवून या सावकाश असंही मीच म्हटलं. आता यात हसण्यासारखं काय आहे ते मला माहीत आहे. तुमी हसून घ्या, मी थांबतो.

झालं? मग सुरुवातीपासून सांगतो. माझं नाव दामोदर, पण ते फक्त पासपोर्टवर, बाकी सगळीकडे दामू. जन्म करावे गावातला, खाडीच्या काठावरचा. बापूस होडी घेऊन खाडीत जायचा आणि आय टोपली घेऊन बाजारात, म्हणजे घर चालायचं ते पाण्यावर, आणि त्या घरात मी असा जन्माला आलो की होडीत बसलो की ओकायचो. होडी अजून काठाला बांधलेली असायची बरं का, नुसती हलली तरी. बापूस हसायचा नाय, चिडायचा पण नाय, कपाळाला हात लावायचा आणि आयला सांगायचा, ह्याला काय तरी जमिनीवरचं काम बघा. म्हणून मी आयटीआयला गेलो, एसी आणि फ्रिजचं काम शिकलो, आणि ते काम करता करता मला मस्कतची नोकरी लागली. म्हणजे खाडी ओलांडताना ओकणारा पोरगा समुद्र ओलांडून गेला, विमानातून. विमानात पण ओकलो, ते असू दे.

मस्कतला मी चिलर बघतो. चिलर म्हणजे काय, तर मोठ्या इमारतीला एसीची गार हवा लागते, त्यासाठी पाणी जिथे गार होतं ती मशीनखोली, ती आमची. तिकडे उन्हाळ्यात चिलर बंद पडला तर माणसं खाली रस्त्यावर येतात आणि वर बघून शिव्या देतात, त्या मला आता पाच-सहा भाषांत कळतात. माझ्याबरोबर बिजू आहे, केरळचा, माझ्यापेक्षा लहान. तो आणि मी असे दोघंच त्या मशीनखोलीचे जाणते, म्हणून आमच्या सुट्टीचा नियम साधा आहे, एक परत आल्याशिवाय दुसरा जायचा नाय. मी एप्रिल संपता संपता यायचं, जूनच्या तोंडाला परत जायचं, मी रूमवर बॅग टेकवली की बिजूने त्याची उचलायची. आमी वर्षातून एकदा दारातच भेटतो, तो नारळाचं तेल आणायला निघालेला असतो, मी सुकट घेऊन आलेला असतो. माझी बायको सुरेखा आणि पोरगी पण तिकडेच असतात, पोरगी शाळेत आहे. पण ज्या वर्षाची ही गोष्ट, गेल्या वर्षीची, तेव्हा पोरीचं शाळेचं काहीतरी होतं म्हणून त्या दोघी आल्या नव्हत्या, मी एकटाच आलो होतो.

आणि इकडे घरी कोण, तर एकटी आय. करावेच्या घराच्या भावांत वाटण्या झाल्या तेव्हा मी माझा वाटा सोडून जुईनगरला फ्लॅट घेतला आणि आयला म्हटलं चल. ती आली. येताना कपड्यांची एक पिशवी, मासे कापायची विळी, सूप आणि जवळा वाळवायची चटई एवढं घेऊन आली, आणि सोसायटीत जे काय पुढे झालं ते त्या चटईमुळे झालं.

आमच्या समोरच्या दारात पेंडसे काका-काकू. काका रिटायर, मूळ गुहागरकडचे. काकू म्हणजे अशी बाई की जिन्यात भेटली तरी साडीला इस्त्री. तर होळी झाली की काकू गच्चीवर पापड्या घालायच्या, साबुदाण्याच्या, पांढऱ्याशुभ्र, आणि आमच्या आयने पहिल्याच उन्हाळ्यात त्यांच्या बाजूला चटई टाकून जवळा पसरला. आता जवळा तुमी वाळताना हुंगलाय की नाय मला माहीत नाय, मला तर भूक लागते, पण पापड्यांना लागली नाय. काकू म्हणाल्या, अहो, वास लागतो. आय म्हनली, तुज्या पापडीला वासच नाय, लागला तं बरा हाय. मग सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली, गच्चीवर मासळी वाळवू नये. आय लिहायला-वाचायला येत नाय म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी चटई परत टाकली. हे सगळं मला मस्कतला फोनवर कळलं, दोन्ही बाजूंनी कळलं, काकांनी पण मला मेसेज केला होता, दामोदरजी, जरा आईंना समजावा. मी कोणाला समजावणार? मी आयला म्हटलं जाऊ दे ना, तर ती म्हनली तू तुजा चिलर बघ. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. असं मी धरून चाललो होतो. कुठल्या आधारावर धरून चाललो होतो ते पुढे येईलच.

आता परस्थान. तुमच्याकडे ठेवतात का? ठेवत असतील, नाव वेगळं असेल. म्हणजे असं की माणसाला लांब जायचंय, पण जायचा दिवस वाईट निघाला, अमावास्या म्हणा, काही म्हणा, आणि दिवस तर बदलता येत नाय. मग त्याच्या आधी चांगला दिवस बघायचा, एका फडक्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधायचं, त्यात जाणाऱ्याची एखादी वस्तू टाकायची आणि ते गाठोडं दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत नेऊन ठेवायचं. झालं, तुमी निघालात. तुमी घरात बसून आंबे खात असाल, पण हिशेबाने तुमी निघालेले आहात. मग जायच्या दिवशी ते गाठोडं उचलायचं आणि तसंच पुढे जायचं. ते घेऊन घरात परत यायचं नाय, हा त्यातला मोठा नियम. मी पहिल्यांदा मस्कतला गेलो तेव्हा पण आयने ठेवलं होतं, करावेलाच, विहिरीच्या पलीकडच्या आळीत, त्या वेळी गाठोड्यात माझा रुमाल टाकला होता.

तर गेल्या वर्षी माझं तिकीट आलं शनिवार संध्याकाळचं आणि शनिवारी अमावास्या. आता उलव्याला विमानतळ झालंय, माझी मावसबहीण तिथे राहते, तिच्या खिडकीतून विमानांची पोटं दिसतात, पण माझं तिकीट मुंबईच्याच विमानतळाचं होतं, म्हणजे दुपारी घर सोडायला लागणार. आयने कॅलेंडर वाचता येत नसताना त्यातली अमावास्या बरोबर बघितली आणि म्हनली, परस्थान ठेव. गुरुवार बरा हाय. मी म्हटलं आय, तिकडे बिजू वाट बघतोय, त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली आहे, अगदी भरत आलंय, रविवारी त्याचं तिकीट आहे, मी शनिवारीच निघणार. ती म्हनली, मी कुठं जाऊ नको बोलते, मी परस्थान ठेव बोलते.

गुरुवारी सकाळी तिने लाल फडक्यात सगळं बांधलं, गाठ मारायच्या आधी म्हनली, तुजी वस्तू टाक, जिच्याबिगर तुजा पाय निघनार नाय अशी. आणि इथे माझी हुशारी जागी झाली. त्याच्या आदल्या वर्षी निघायच्या दिवशी पासपोर्ट सापडत नव्हता, सगळं घर उलटंपालटं केलं होतं, शेवटी तो पिठाच्या डब्याखाली निघाला. मी विचार केला, ह्या वर्षी एका दगडात दोन कामं. वस्तू पण खरी आणि देवापाशी सुरक्षित पण. टाकला पासपोर्ट. आयने बघितलं, गाठ मारली आणि म्हनली, जा, करावेला पांडूच्या घरी ठेवून ये. पांडू म्हणजे माझा धाकटा काका.

आता काय सांगू तुमाला, मे महिन्याचं ऊन, मी दरवाजाबाहेर आलो, हातात लाल गाठोडं, लिफ्ट बंद, आणि समोर पेंडसे काकू दाराला तोरण का काय लावत होत्या. म्हणाल्या, हे काय हो? मी सांगितलं. म्हणाल्या, अय्या, आमच्याकडेही ठेवतात, मग इतक्या उन्हात करावेपर्यंत कशाला जाताय, आमचा काय उंबरठा नाही का, आणा इकडे. आणि त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, देव्हाऱ्यात ठेवलं, वर हळदकुंकू वाहिलं. मी मनात म्हटलं, आयला कळलं की ज्या बाईशी बोलत नाय तिच्या देवापाशी आपल्या पोराचं परस्थान, तर ती मला अमावास्येच्या आधीच पोचवेल. मग मी काय केलं, खाली उतरलो, स्टेशनबाहेर उसाच्या रसवाल्याकडे बसलो, दोन ग्लास रस प्यायलो, करावेला जाऊन यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ काढला आणि घरी आलो. आय म्हनली, ठेवलास? म्हटलं ठेवलं. पांडू काय बोलला? म्हटलं, बरा आहे, चहा दिला. आय म्हनली, चाय दिला? म्हटलं हो, आणि बिस्कीट. बिस्कीट पण दिला, असं ती म्हनली आणि जवळा निवडायला बसली. पांडूकाका त्या आठवड्यात पोरीकडे उलव्याला राहायला गेला होता, त्याच्या दाराला कुलूप होतं, हे मी खाली गेल्यावर आयला फोनवर कळलं होतं, मला नव्हतं. बघा, माझ्या गोष्टीत कुलपांची काय कमी नाय.

शुक्रवारी सकाळी काका-काकू लिफ्टपाशी, हातात बॅगा. पुण्याला पुतण्याच्या पोराची मुंज. मी म्हटलं द्या इकडे, वयस्कर माणसं, बॅग खाली नेली, गाडीच्या डिकीत ठेवली. काकू काचेतून म्हणाल्या, तुमचं ते नीट आहे हं, काही काळजी करू नका. मी म्हटलं नाही हो, काळजी कसली, तुमी मुंज एन्जॉय करा. आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभा राहिलो. सुट्टीचा शेवट आला की माझं डोकं असंच होतं, अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे, मधे कोण नाय. मला वाटत होतं संध्याकाळी येतील. मुंज म्हणजे मला वाटलं बारशासारखं असतं, जेवून परत.

शनिवारी सकाळी बॅगा भरून झाल्या, सुकट, जवळा, बोंबील, सगळं प्लास्टिकमध्ये आणि प्लास्टिकवर अजून प्लास्टिक, दोऱ्या मारल्या, मग आय मोरीत गेलेली बघून मी हळूच समोर गेलो, बेल मारायला हात वर केला आणि कडीला हे एवढं कुलूप. खरं सांगू का, ते कुलूप बघितल्यावर एक क्षण मला बरं वाटलं. छातीवरून कोणीतरी बॅग उचलावी तसं. म्हटलं चला, सुटलो, आता कोण नेतंय मला. आणि दुसऱ्या क्षणाला बिजू आठवला.

मग जे सुरू झालं त्याला सर्कस म्हणतात. मी काकांना फोन लावला. रिंग वाजली, आणि कुठे वाजली तर कुलपाच्या आत. कोणतं तरी भजन वाजलं, पूर्ण वाजलं, मी दाराला कान लावून ऐकलं. काकू तर मोबाइल वापरतच नाय. वॉचमनला विचारलं, तो म्हणाला, साब, वो तो संडे रात को आएंगे, आपने ही तो सामान डाला. मी म्हटलं तेरेको कौन पूछा सामान का. सेक्रेटरीकडे गेलो, त्याच्याकडे काकांच्या मुलाचा नंबर होता, पण तो मुलगा अमेरिकेत, तिकडे त्या वेळी झोपलेला, आणि उठून तरी काय करणार तिकडून. चावीवाला आणला स्टेशनवरून, त्याने कुलूप बघितलं, म्हणाला खुलेगा, पण सेक्रेटरी मधे आला. म्हणाला, मालकाच्या परवानगीशिवाय नाही तोडता येणार, आज तुम्ही यांचं तोडाल, उद्या कोण तुमचं तोडेल, तुम्ही तर बाराही महिने बाहेर असता. ते बरोबरच होतं, म्हणून अजून राग आला. तोपर्यंत वरच्या-खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आलेली. कोणी म्हणतंय पोलिसांना बोलवा, कोणी म्हणतंय मागच्या पाइपवरून गॅलरीत चढा, एकाने मला विचारलं, पण तुम्ही पासपोर्ट देव्हाऱ्यात का ठेवला? मी म्हटलं, दर्शनाला. वर सुरेखाचा मस्कतवरून फोन, निघालात का? म्हटलं, निघतोच आहे. म्हणाली, पासपोर्ट घेतला ना, मागच्या वर्षासारखं नको. मी म्हटलं, अगं तो गुरुवारीच निघाला, मी मागून जातो.

आणि हे सगळं होत असताना आमचं दार सताड उघडं, आणि आत आय पाटावर बसून सूप घेऊन जवळा निवडतेय. बारीक खेकडं, काड्या बाजूला काढतेय. सगळ्या बिल्डिंगला मी विचारलं, एका तिला विचारलं नाय. कसं विचारणार? विचारायचं तर आधी उसाचा रस सांगायला लागला असता. आणि तिला काय माहीत असणार, समोरच्या बाईशी तर ती बोलतच नाय. तिने एकदा मान वर करून विचारलं, क रं, कनाला धावतोस? मी म्हटलं, काही नाय आय, काकांच्या घरात उंदीर गेलाय. ती म्हनली, मोठा हाय काय? म्हटलं, असेल. ती परत निवडायला लागली.

मी सेक्रेटरीबरोबर खाली गेलो, गाडीवाला येऊन उभा राहिला होता, त्याला थांब म्हणायला. फोन माझा वर राहिला, शू-रॅकवर. तेवढ्यात बिजूचा व्हिडिओ कॉल आला आणि तो आयने घेतला. हे मला नंतर बिजूने सांगितलं, सगळं बोलणं, कारण त्याला ते पाठ झालंय. आय त्याला ओळखते, दर वर्षी फोनवर बोलतात, तिचं हिंदी आणि त्याचं हिंदी दोन्ही इतकं मोडकं की दोघांना एकमेकांचं नीट कळतं. बिजू म्हणाला, अम्मा, दामूभाई निकला क्या? आय म्हनली, उसका पाय अटकेला हाय. बिजू घाबरला, म्हणाला, अम्मा, वो नहीं आया तो साहब मेरेको नहीं छोडेगा, आज सुबह वाइफ को अस्पताल में भरती किया है. आय म्हनली, आनि आय किधर हाय तुजी? बिजू म्हणाला, माँ अस्पताल में बैठी है, पूछ रही है कब आता है, मैं बोला कल.  आय म्हनली, तू बॅग भर बाला, उसकू मैं धाडती.

मी जिना चढून वर आलो, घामाने निथळत, अंगात बनियन आणि खाली हाफपँट, कारण निघायचे कपडे शेवटी घालायचे म्हणून ठेवलेले. बघतो तर आय समोरच्या दारात उभी. तिने कमरेची चंची सोडली, पान-सुपारीच्या मधून एक चावी काढली, कुलपात घातली आणि फिरवली. उघडलं. चावीवाला अजून तिथेच बसलेला, तो उठून उभाच राहिला. आय आत गेली, पायातलं काढून, काकूंच्या देवाला हात जोडले, गाठोडं घेऊन आली आणि माझ्या हातात दिलं. म्हनली, घे तुजा उंदीर.

माझ्या तोंडातून एवढंच निघालं, आय, तुझ्याकडे चावी कशी? आणि मग काय, जिन्यात सगळ्यांच्या समोर मला माझ्या घरातली बातमी कळली. आदल्या पावसाळ्यात पेंडसे काका बाथरूममध्ये पडले होते, आतून कडी, काकूंनी आरडाओरडा केला, तर बिल्डिंगमध्ये दुपारचं कोण नाय, आमची आय कोयता घेऊन धावली आणि कडी उचकटून काढली. त्या दिवसापासून ह्या घराची चावी त्या घरात आणि त्या घराची ह्या घरात. आता गच्चीवर पापड्या आणि जवळा दोन्ही वाळतात, मधे एक दोरी बांधलेली आहे, वारा कुठला आहे ते बघून कोणी कुठल्या बाजूला बसायचं ते ठरतं, आणि कावळे हाकलायला आळीपाळीने बसतात. माझं गाठोडं देव्हाऱ्यात गेलं ते काकूने तिला गुरुवारीच, मी रस पीत होतो तेव्हाच, दारात येऊन सांगितलं होतं. आणि पुण्याला जाताना चावी आहे ना तुमच्याकडे म्हणून परत विचारून गेली होती.

मी म्हटलं, आय, मला हे कोणी सांगितलं का नाय? म्हनली, तुला कोन सांगनार? तू फोन करतोस आनि बोलतोस काय, जेवलीस काय, गोली घेतली काय, ठेवू काय. त्याच्यात कुठं घालू मी कोयता?  खरं आहे ना ते. भांडण झालं की बातमी मस्कतला पोचते, दोन्ही बाजूंनी पोचते, मेसेज येतात. भांडण मिटलं हे सांगायला कोण फोन करत नाय. मी आपला तिकडे बसून वर्षभर तेच जुनं भांडण जपून ठेवलं होतं, एसीत ठेवल्यासारखं, इकडे ते कधीच संपलेलं, आणि सुट्टीतला महिनाभर मी एकदा गच्चीवर चढलो नव्हतो.

मी गाठोडं घेऊन घरात शिरायला लागलो, कपडे बदलू, तर आयने दारात हात आडवा लावला. म्हनली, परस्थान उचललं आता, घरात पाय ठेवायचा नाय. मी म्हटलं, अगं मी हाफपँटवर आहे! म्हनली, मग तसाच जा. शेवटी तिने माझी पँट, शर्ट, बूट, सगळं बाहेर आणून दिलं आणि मी पेंडसे काकांच्या घरात त्यांच्या फोटोसमोर कपडे बदलले, काका-काकूंचा लग्नातला फोटो होता, मी पाठ केली. सेक्रेटरी म्हणाला, हे नियमात बसतं का बघायला लागेल, पण हसत होता. बॅगा शेजाऱ्यांनी खाली नेल्या. मी निघतो म्हटलं, तर आय म्हनली उपाशी जानार काय, आणि ताट घेऊन आली. घरात मला जायचं नाय, आणि काकूंच्या घरात सुकट न्यायची नाय, हे तिने तिचं तिनेच ठरवलेलं. म्हणून मी जिन्याच्या पायरीवर बसून जेवलो, तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण, बुटात, पासपोर्ट मांडीवर. आय बाजूच्या पायरीवर बसली. माणसं पांगली होती.

मी हळूच विचारलं, आय, तुला चावी सकाळीच देता आली असती. ती म्हनली, तू इचारायचंस. मी म्हटलं, मी नसतं विचारलं तर? तिने माझ्या ताटात अजून कालवण वाढलं, म्हनली, नसतंस इचारलंस तं नसतास गेलास, माजं काय जात होतं. मग म्हनली, तुज्यासाठी नाय काढली मी चावी. तिकडं त्याची आय आसपतालात बसलीय. तुजी आय इथं घरात तरी बसलीय. आणि मग ताट ओढून घेतलं, म्हनली, ऊठ, गाडीवाला हॉर्न मारतो.

विमान मिळालं. पोचलो तेव्हा बिजू दारातच होता, बॅग हातात, आमी दर वर्षीसारखे दारात भेटलो, तो मला म्हणाला, अम्मा को थँक्यू बोलो. मला नाय बोलला. मुलगी झाली त्याला, तो पोचल्यावर दुसऱ्या दिवशी. आयला फोटो पाठवला त्याने, तिने तो समोर जाऊन काकूंना दाखवला, हे मला काकांनी मेसेज करून कळवलं. आता मी काकांना आठवड्याला विचारतो, काय नवीन? ते लांबलचक लिहितात, पापड्यांपासून लिफ्टपर्यंत, आणि आयला फोन केला की मी जेवलीस का विचारत नाय, कोणाशी भांडलीस ते विचारतो. मग ती बोलते. अर्धा तास बोलते. तिकडे रूमवर बसून मला आता इकडचा वारा कुठल्या बाजूचा आहे ते पण माहीत असतं.

आता ह्या वर्षीची सुट्टी पण संपली, बघा. परवा निघायचं. कॅलेंडरात काही वाईट नाय, मी स्वतः बघितलं, तरी आय म्हनली परस्थान ठेवायचं, गेल्या वर्षी चांगलं लाभलं. आज सकाळी लाल फडकं घेऊन बसली, तांदूळ टाकले, सुपारी टाकली, काकू पण हळकुंड घेऊन येऊन बसल्या, मी खिशातून पासपोर्ट काढला आणि म्हटलं, आय, ह्या वेळी हा टाकत नाय हं, मग दुसरं काय टाकू? ती गाठ मारता मारता थांबली, माझ्याकडे बघितलं, काकूकडे बघितलं आणि म्हनली, अक्कल ठेव. तिच्याबिगर येतोस आनि तिच्याबिगर जातोस, दोन दिस काकूच्या देवापाशी राहिली तं तुला कलनारच नाय.